मोआच्या हाडांतील मातृवंश

न्यूझीलंडच्या बेटांवर, मनुष्याचे पाऊल तेथे पडण्यापूर्वी, मोआ नावाचे जे महाकाय पक्षी वावरत होते त्यांना पंख तर नव्हतेच, परंतु पंखांच्या अस्थींचा मागमूसही त्यांच्या सांगाड्यात आढळत नाही. सन १८३९ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाच्या एका वीतभर तुकड्यावरून अशा पक्ष्याच्या अस्तित्वाचे अनुमान केले, आणि पुढे दलदलींतून व गुहांतून सबंध सांगाडे निघू लागले तेव्हा ते खरे ठरले. माओरींचे पूर्वज त्या भूमीवर उतरल्यानंतर दीड-दोनशे वर्षांच्या आत मोआच्या साऱ्या जाती नामशेष झाल्या.

त्याच बेटांवर कोंबडीएवढा, रात्री हिंडणारा आणि उडता न येणारा किवी आजही आहे. भूमी एक, उड्डाणशक्तीला दोघेही मुकलेले. तेव्हा हे दोघे परस्परांचे निकटचे आप्त असले पाहिजेत, असे पुष्कळ पंडितांना दीर्घकाळ वाटत आले. भूखंडे सरकतात हे भूगर्भशास्त्राने मान्य केल्यावर या समजाला मोठेच पाठबळ मिळाले. गोंडवन नावाचा दक्षिणेचा प्राचीन महाखंड फुटला. त्याच्या एकेका तुकड्यावर एकाच, उडता न येणाऱ्या पूर्वजाचे वंशज वाहत गेले. आणि आफ्रिकेत शहामृग, दक्षिण अमेरिकेत ऱ्हिया, ऑस्ट्रेलियात एमू व कॅसोवरी, मादागास्करमध्ये हत्तीपक्षी आणि न्यूझीलंडमध्ये मोआ व किवी अशी त्यांची वाटणी झाली, ही उपपत्ती इतकी सुडौल होती की ती खोटी ठरावी असे कोणाच्याच मनात येऊ नये.

तिची परीक्षा ज्या साधनाने झाली त्याचा तपशील येथे देणे अवश्य आहे. केंद्रकातील डीएनएच्या पेशीगणिक दोनच प्रती असतात. परंतु केंद्रकाबाहेर, पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांमध्ये, ज्यांना आता सर्रास मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, एक लहानसा वलयाकार डीएनए असतो व त्याच्या प्रती एकेका पेशीत शेकड्यांनी, हजारांनी असतात. त्यामुळे शतकानुशतके मातीत पडून राहिलेल्या हाडात केंद्रकातील मजकूर जवळजवळ नष्ट झाला तरी या वलयाचे तुकडे हाती लागण्याची आशा उरते. हे वलय संततीला मातेकडूनच मिळते, पित्याच्या वारशाशी त्याची सरमिसळ होत नाही, आणि त्यातील फेरफार पिढ्यानपिढ्या साचत जातात. म्हणून दोन पक्ष्यांची वलये अक्षरागणिक ताडून पाहिली असता त्यांचे मातृवंश केव्हा विभक्त झाले याचा अदमास बांधता येतो. कोंबडीचे संपूर्ण वलय १९९० मध्ये प्रसिद्ध झाले: १६,७७५ अक्षरे आणि ३७ जनुके. माणसाच्या वलयातही हीच ३७ जनुके आहेत, मात्र त्यांच्या क्रमात एके ठिकाणी पक्ष्यांनी फेरबदल केलेला आहे.

१९९२ मध्ये ॲलन कूपर, ॲलन विल्सन, स्वांटे पेबो प्रभृती संशोधकांनी मोआच्या अवशेषांतून या वलयाचा एक लहान अंश वाचला, आणि किवीचे नाते शेजारच्या मोआशी नसून समुद्रापलीकडच्या एमू व कॅसोवरीशी अधिक जवळचे आहे, असा अनपेक्षित निष्कर्ष निघाला. २००१ मध्ये कूपर यांच्या गटाने मोआच्या दोन जातींची संपूर्ण वलये जुळवून प्रसिद्ध केली. हाडाचा भुगा करावयाचा, त्यातून निघालेल्या तुटपुंज्या तुकड्यांच्या नकला वाढवावयाच्या, संशोधकाच्या स्वतःच्या त्वचेतील डीएनए त्यात मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपावयाचे, आणि मग एकमेकांवर येणारे तुकडे जोडीत सबंध मजकूर सिद्ध करावयाचा, असे हे चिकाटीचे काम आहे.

परंतु मजकूर हाती आला म्हणजे निवाडाही हाती आला, असे नव्हे. १९९९ च्या सुमारास पक्ष्यांची मोजकीच संपूर्ण वलये उपलब्ध असताना जे वंशवृक्ष रचले गेले त्यांत चिमणीच्या गणातील पक्षी मुळाशी आणि शहामृग मागाहून आलेला, असे उलटेच चित्र उमटले होते. अधिकाधिक जातींची वलये तुलनेत आली तेव्हा ते चित्र पालटले आणि शहामृगवर्गाची शाखा पुन्हा मुळाजवळ गेली. थोड्या साक्षीदारांवर विसंबून केलेला निर्णय, साक्ष कितीही विस्तृत असली तरी, फसवा ठरू शकतो.

२०१० मध्ये अशाच विस्तारलेल्या तुलनेतून मोआचा खरा सोयरा पुढे आला. तो टिनामू, दक्षिण अमेरिकेतील तित्तिरासारखा दिसणारा आणि उडू शकणारा पक्षी! टिनामूच्या टाळूची रचना शहामृगवर्गीयांशी जुळते हे प्राणिशास्त्रज्ञ हक्सलेने १८६७ मध्येच नोंदले होते. पण ज्याला उडता येते त्याला त्या कुळाच्या आत बसविण्यास सहसा कोणी धजावत नव्हते. मग २०१४ मध्ये ॲडलेड येथील संशोधकांनी हत्तीपक्ष्याची वलये वाचली. ज्याच्या एका अंड्यात कोंबडीची शंभराहून अधिक अंडी मावतील अशा या पक्ष्याचा सर्वांत निकटचा आप्त निघाला तो चिमुकला किवी. त्यांचे वंश सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी विभक्त झाले, आणि मादागास्कर व न्यूझीलंड यांचा भूमार्ग तर त्यापूर्वी कोट्यवधी वर्षे तुटलेला होता. अर्थात त्यांचा सामाईक पूर्वज भूखंडावर बसून नव्हे, तर उडत समुद्रापार गेला असला पाहिजे, आणि उड्डाणाचा त्याग या कुळात एकदा नव्हे, अनेकदा आणि स्वतंत्रपणे घडला असला पाहिजे. माझ्या मते पक्षिशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासात याहून मोठा पालट क्वचितच झाला असेल. विशेष म्हणजे मादागास्करची ती हाडे वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयात, किवीच्याच देशात, जपून ठेवलेली होती.

या साधनालाही मर्यादा आहे. २००३ मध्ये असे दिसून आले की, आकारावरून मोआच्या निराळ्या मानलेल्या काही जाती वस्तुतः एकाच जातीतील नर व मादी होत. मादी वजनाने नराच्या सुमारे पावणेतीनपट भरे. हा उलगडा मातृवंशाच्या वलयाने एकट्याने होणे शक्य नव्हते. लिंगनिदानासाठी केंद्रकातील डीएनएच लागला.

आपल्याकडेही असा एक वाद मिटला आहे. पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये वर्णिलेला रानपिंगळा शतकाहून अधिक काळ दृष्टीआड राहून १९९७ मध्ये शहाद्यानजीक पुन्हा सापडला. तो एकाकी प्रजातीचा की आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या गोतातला, हा जुना प्रश्न भारतीय संशोधकांनी २०१८ मध्ये मायटोकॉन्ड्रिया व केंद्रक या दोहोंतील जनुके वाचून सोडविला, आणि तो पिंगळ्याच्या प्रजातीतच मोडतो असे दाखविले.

मोआच्या हाडांच्या अभ्यासावरून वलयातील एका ठरावीक तुकड्याचे आयुर्मान मोजले गेले आहे: दर ५२१ वर्षांनी त्याचे निम्मे अवशेष नष्ट होतात, आणि उष्ण हवेत हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. तरीही आपल्या उष्ण देशातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून जुने पेंढा भरलेले पक्षी, कातडी व हाडे धूळ खात पडलेली असतात आणि कपाटे रिकामी करण्याच्या घाईत ती फेकलीही जातात. ज्यांच्या हाती अशा कपाटांच्या किल्ल्या आहेत त्यांना एवढीच विनंती, की स्थळ व तारीख लिहिलेली एकही चिठ्ठी नमुन्यापासून विलग होऊ देऊ नये, आणि एकही नमुना जाणकाराला दाखविल्यावाचून टाकून देऊ नये.