खूर शाबूत तर गाडी शाबूत



फडात ऊस तोडून पडलेला, गाडी भरायची घाई, आणि बैल पाय टेकीना! गळीत हंगामात हे चित्र दर वर्षी दिसते. मागे एका फडावर उसाचे बुडखे लाल कंधारी बैलाच्या खुराच्या बेचक्यात घुसले. गाडीवान म्हणाला, "साहेब, आजची खेप होऊ द्या, मग बघू." बघायला आठ दिवस लागले. खुरात पू धरला, बैल महिनाभर बसून राहिला आणि घेतलेली उचल अंगावर पडली.

बैल लंगडताच गाडी सोडा. खूर धुऊन काटा, खडा, ढिली पत्री आहे का पाहा. मग शेक द्या. खर्च म्हणाल तर मिठाचा.

एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घाला. आपल्या कोपराला सोसेल इतकेच पाणी गरम असावे. 15 ते 20 मिनिटे, दिवसातून दोनदा खूर त्यात भिजवा. बादलीत बैल पाय ठेवत नाही. लाथेने बादली उडवतो. त्यासाठी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा दीड हात तुकडा घ्या. एक तोंड दुमडून सुतळीने आवळा, खूर आत घालून पाणी ओता आणि वरचे तोंड सैलच बांधा. झाला बैलाचा बूट!

बेचके कुजून वास येत असेल तर लिटरला 50 ग्रॅम मोरचूद घ्या. भांडे प्लॅस्टिकचेच घ्या, मोरचूद लोखंड खातो. उघड्या जखमेला मात्र मोरचूद नको. तिथे लिटरला 1 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेटने धुवा. उरलेले पाणी ओढ्यात, विहिरीजवळ टाकू नका. मोरचूद जनावरांना, विशेषतः मेंढ्यांना, विषारी आहे.

शेकानंतर खूर पुसून बैल कोरड्या जागी बांधा. सारखा ओला राहिलेला खूर मऊ पडतो आणि पुन्हा खडा रुततो.

माळेगावच्या यात्रेतून घोडा आणणाऱ्यांनाही मिठाचा शेक चालेल. पण घोड्याला धनुर्वात लवकर होतो, म्हणून खुराला जखम दिसताच डॉक्टरांकडून इंजेक्शन घ्याच.

दोन-तीन दिवसांत उतार नाही, सूज वर चढली, किंवा खुरासोबत तोंडातून लाळ गळते, तर घरगुती उपाय थांबवा. लाळ-खुरकूत असेल तर जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

एक खेप बुडाली तर उद्या भरून निघते. बैल बसला तर हंगाम बसतो.

— ऊस विकास अधिकारी