झिजलेल्या शरीरालाही व्यायाम कळतो

१९९० साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. एड्समधल्या न्यूमोनियातून नुकत्याच उठलेल्या २४ पुरुषांपैकी काहींना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वाढत्या भाराचा व्यायाम दिला; बाकीच्यांना नाही. एचआयव्हीवर तेव्हा धड औषध नव्हते, माणसे डोळ्यांदेखत झिजत. तरीही व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली, न करणाऱ्यांची घटली. प्रतिकारशक्ती कोसळली तरी स्नायू भार ओळखतो, हे नवलच!

आपल्याकडे सरकारने १ एप्रिल २००४ पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी, औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. जीव वाचू लागले, पण तेव्हाच्या स्टॅव्ह्युडिनने गाल बसत, हातपाय काटकुळे होत आणि गाव काय ते ओळखे. ते औषध आता मागे पडले. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली गोळी दिवसातून एकदाच घ्यावी लागते. टेनोफोविरने हाडांची घनता मात्र थोडी कमी होते. भाराच्या व्यायामात स्नायू हाडाला ओढतो आणि त्या ताणानेच हाड टिकून राहते. शिवाय कामाला लागलेला स्नायू रक्तातली साखरही वापरतो.

सिंधुदुर्गाचे एआरटी केंद्र ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आहे. व्यायाम मात्र सावंतवाडीतल्या घरीही होतो. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्यावर सुरुवात करावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत, मधे विश्रांती हवी. शेवटच्या एक-दोन खेपा जड जाव्यात. त्या सोप्या वाटू लागल्या की भार वाढवावा. ताप असेल, खोकला लांबला असेल, तर आधी डॉक्टर.

नुसत्या पेज-लोणच्यावर स्नायू होत नाहीत. कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पिठी आपल्या घरचीच, जोडीला बांगडा किंवा अंडे. जिममध्ये कुणी पावडरचा डबा पुढे केला, तर तो आधी एआरटीच्या डॉक्टरांना दाखवावा. त्यातले कॅल्शियम किंवा लोह उपाशीपोटी गोळीबरोबर घेतले, तर डोल्युटेग्राविर अंगात नीट शोषले जात नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनांच्या वाटेला तर जाऊच नये.

राहिली भीती. घामाने किंवा एकच डंबेल दोघांनी वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार आजार सांगण्याची सक्ती व्यायामशाळेला करता येत नाही, आणि तो कळला म्हणून प्रवेशही नाकारता येत नाही.