रक्तगटाने बाप ठरत नाही

‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. १९८३च्या नाताळात परागंदा बाप रेज घरी परततो. रक्तगटांवरून डेल त्याचा मुलगा नव्हे असे दिसते. पण कागदावरची खाडाखोड रेजचीच! धाकट्या रॉडनीचा बाप कोण, हे तर थेट २००३च्या नाताळात कळते.

रक्तगट फार तर ‘हा बाप नव्हे’ एवढेच सांगतो. १९८४ मध्ये लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएचा ठसा शोधला. त्याचे पहिले प्रकरण १९८५चे, आपल्यासारख्या परदेशातून आलेल्यांचेच. घानाहून परतलेला मुलगा या आईचाच, हे अधिकाऱ्यांना पटेना. बाप तपासणीला उपलब्ध नव्हता. जेफ्रीज यांनी आई व तीन भावंडांच्या ठशांवरून बापाचे पट्टे जुळवले. मुलाच्या ठशातले आईकडून न आलेले सगळे पट्टे त्यांत सापडले. मुलगा आईजवळ राहिला.