पडद्यावरचे बाबासाहेब

१९८२ साली रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा 'गांधी' आला. तीन तासांहून मोठा चित्रपट, पण त्यात बाबासाहेबांचे पात्रच नाही! १९३२ चा पुणे करार ज्यांच्याशी झाला, त्यांना वगळून गांधीजींचे चरित्र पुरे होते कसे? आठ ऑस्कर मिळाले म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' २००० साली आला. मल्याळी नट मामुट्टी बाबासाहेब म्हणून शोभले. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपट मुळात इंग्रजीत. माझ्या आईला संवाद कळले नाहीत, तरी ती शेवटपर्यंत हात जोडून बसली. मला तेवढे पुरत नाही. मी बी.कॉम. झालेला कारकून. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ काढणारे अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब मला अधिक हवे होते.

२०१९ ला स्टार प्रवाहवर मालिका लागली, सागर देशमुख बाबासाहेब झाले. वस्तीत घरोघरी तीच. रमाईच्या प्रसंगांना आमची मुलगी रडायची. रडू द्या, पण ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईतील कामगारांचा संपही तिला डोळे भरून बघायला मिळावा. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेब त्या दिवशी कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले होते. तिचे आजोबा गिरणीत बदली कामगार होते.