घरगुती काचभट्टी : काटकसर कोठे, खर्च कोठे

तप्त काच फुंकून वस्तू घडविणे हे अमेरिकेत दीर्घकाळ कारखान्यांचेच काम मानले जाई. मार्च १९६२ मध्ये मृत्तिकाशिल्पाचे अध्यापक हार्वे लिटल्टन यांनी टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारात लहान भट्टी उभारली. आरंभीची काच फुंकण्याजोगी निघाली नाही. तेव्हा काचउद्योगातील संशोधक डॉमिनिक लॅबिनो यांनी भट्टीची रचना बदलण्यास सुचविले व काचतंतूंसाठी बनणाऱ्या, कमी तापमानास वितळणाऱ्या काचगोट्या पुरविल्या. येथून कलावंताच्या स्वतंत्र काचशाळेचा मार्ग खुला झाला.

अशा काचशाळेत मोठा खर्च अवजारांचा नसून इंधनाचा असतो. कारण सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमान सतत राखावे लागते. म्हणून भट्टी लहान, तिचे उष्णतारोधक अस्तर मात्र जाड असावे. तयार काच वितळविल्यास कच्च्या वाळूची घातक धूळही टळते.

दोन बाबींत मात्र काटकसर करू नये. पहिली, वायुवीजन, ज्वलनातून विषारी वायू निर्माण होऊ शकतो. दुसरी, अनुशीतन. घडविलेली वस्तू सुमारे ५०० अंशांच्या पेटीत ठेवून सावकाश थंड करावी लागते. तसे न केल्यास असमान आकुंचनाचा ताण काचेत साठून राहतो आणि निर्दोष दिसणारे पात्र काही दिवसांनीही अकस्मात तडकते.