हालचाल तीच, अर्थ वेगळा

संध्याकाळी सातला पॅसेजमधून कुणी गेलं की दिवा लख्ख लागतो. रात्री दोनला कुणी पाणी प्यायला उठलं, तर तोच दिवा मंद, पिवळसर लागतो. आणि घरचे सगळे गावाला गेलेले असताना तिथे काही हललं, तर थेट सायरन वाजतो. सेन्सर एकच, हालचालही तीच. मग फरक कुठून येतो?

सेन्सरला यातलं काहीच ठाऊक नसतं. आपल्या अंगाच्या उष्णतेमुळे सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात, त्यांची तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटर. आपण चाललो की सेन्सरवर पडणारे हे किरण बदलतात, आतल्या स्फटिकावर किंचित विद्युतभार येतो आणि घरातली उपकरणं चालवणाऱ्या हबला निरोप जातो: ‘हललं’. बस, एवढंच.

त्याचा अर्थ लावतो हबच्या स्मृतीत ठेवलेला एक शब्द. त्यालाच मोड म्हणतात. हबिटॅट या कंपनीच्या हबमध्ये दिवस, संध्याकाळ, रात्र आणि बाहेर असे चार मोड तयारच मिळतात, आणि एका वेळी एकच लागू असतो. दिवे, पंखे, कुलूप, सायरन सगळे त्या एका शब्दाकडे पाहून वागतात. पाहुणे आले? ‘पाहुणे’ असा नवा मोड करा, म्हणजे हॉलमध्ये झोपलेल्या माणसानं कूस बदलली तरी दिवा लागणार नाही. प्रत्येक दिव्याचा नियम वेगळा बदलत बसायला नको. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

यामागचं गणित जुनं आहे. १९५५ मध्ये बेल लॅब्जच्या जॉर्ज मीली यांनी अशा यंत्राची मांडणी केली, ज्याचं उत्तर बाहेरून आलेला संकेत आणि यंत्राची त्या क्षणाची अवस्था या दोन्हींवर ठरतं. पॅसेजमधला दिवा नेमकं तेच करतो.

मोड बदलतो कोण? कधी सूर्य. अक्षांश, रेखांश आणि तारखेवरून हब सूर्यास्त काढतो. त्यामुळे मुंबईत ‘संध्याकाळ’ नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सुरू होते, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. कधी मोबाइल. शेवटचा फोन घरापासून लांब गेला की ‘बाहेर’.

इथे मात्र जपायला हवं. आजीकडे मोबाइल नसेल, तर तिच्यासकट घर रिकामं ठरतं आणि ती दुपारी उठून स्वयंपाकघरात गेली की सायरन! हालचालीचा साधा सेन्सरही इथे कामाचा नाही, कारण निजलेलं माणूस त्याला दिसत नाही. मिलिमीटर तरंगांच्या रडार सेन्सरला दिसू शकतं. श्वासागणिक छाती किंचित वरखाली होते, तेवढंही तो टिपतो. तो बसवलेला नसेल, तर ‘बाहेर’ हा मोड निघताना हातानंच लावावा.