पाच पदरी शिवण

डब्यावर झाकण बसवणारं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं २०१७ च्या उन्हाळ्यात, मिशिगनमध्ये, पुतण्याच्या गॅरेजात. शिलाई मशीनएवढा आकार. वर फिरणारं चक, खाली डबा उचलून धरणारी तबकडी, बाजूला दोन रोलर आणि हातानं फिरवायचा दांडा. शेजारी गार बिअरचं पिंप, रिकाम्या डब्यांची चळत आणि पुतण्याचा रडवेला चेहरा. घरी केलेली बिअर तो डब्यांत भरत होता आणि दर चार डब्यांमागे एक गळत होता. "काका, तुम्ही टूलरूमवाले. जरा सेटिंग बघता का?" म्हणाला. माझ्या सुट्टीतले तीन दिवस त्या गॅरेजात गेले.

लोणावळ्याहून लोकल पकडून चिंचवडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं डाय आणि फिक्श्चर करत आलो, पण डब्याला झाकण कसं बसतं याचा कधी विचार केला नव्हता. ते चिकटवत नाहीत की झाळत नाहीत. शिवतात. पहिला रोलर झाकणाची कड डब्याच्या ओठाखाली वळवतो, दुसरा ती घडी दाबून सपाट करतो. पत्र्याचे पाच पदर होतात, तीन झाकणाचे आणि दोन डब्याचे. मधली उरलीसुरली फट झाकणात आधीच लावलेला रबरासारखा थर भरून काढतो. सगळा मामला सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर. पुतण्याच्या यंत्राचा दुसरा रोलर केसभर लांब राहिला होता, एवढंच. तेवढं कळायला मात्र अकरा डबे कापावे लागले. बाहेरून देखणी दिसणारी शिवण आत पोकळ असू शकते. तिला आडवी कापायची, घडी उलगडायची आणि झाकणाची आणि डब्याची वळलेली कड एकमेकांत किती अडकलीय ते मोजायचं. न कापता 'झालं सेटिंग' म्हणणारा माणूस आमच्या टूलरूममध्ये टिकला नसता.

गळतीपेक्षा वाईट शत्रू म्हणजे हवा. भरताना डब्यात हवा राहिली तर काही आठवड्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. (ओला पुठ्ठा म्हणजे काय, हे लोणावळ्याच्या माणसाला आषाढात सांगावं लागत नाही.) म्हणून आधी डब्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, मग तळापासून बिअर भरायची, फेस काठावर आला की त्या फेसावरच झाकण ठेवायचं आणि दांडा फिरवायचा. या क्रमात दोन सेकंद रेंगाळलात तर फेस बसतो आणि त्याच्या जागी हवा शिरते.

झाकणाची ही दुहेरी घडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्याआधीचे डबे झाळून बंद करत. फळं, मासळी त्यात लवकर गेली, बिअरला मात्र १९३५ उजाडावं लागलं. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ ला उठली होती. तरी बिअरचा दाब सोसणारा डबा आणि पत्र्याची चव तिला लागू न देणारं अस्तर जमवायचं होतंच. २४ जानेवारी १९३५ ला व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये क्रूगरची बिअर डब्यातून विक्रीला आली. पुढची साठ-सत्तर वर्षं डबा हे मोठ्या कंपन्यांचं काम राहिलं, कारण भरण्याची यंत्रंच अवाढव्य होती.

पुतण्याचा खरा पूर्वज २००२ मधला. कोलोराडोतल्या लायन्स नावाच्या लहानशा गावात ऑस्कर ब्लूज या ब्रुअरीनं कॅनडातल्या कास्क कंपनीचं टेबलावर मावणारं यंत्र घेतलं आणि आपली डेल्स पेल एल हातानं डब्यांत भरायला सुरुवात केली. तोवर चांगली बिअर बाटलीत आणि स्वस्त बिअर डब्यात, असा समज होता. डबा हलका, फुटत नाही आणि उजेड आत येऊ देत नाही, हे लोकांना हळूहळू पटलं. मग यंत्र आणखी लहान होत गॅरेजपर्यंत पोचलं. तिथं कायदाही आड येत नव्हता. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं घरी बिअर करायला मोकळीक मिळाली होती. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. अट एकच, विकायची नाही.

इकडे आमच्या मावळाचा इतिहास मात्र डब्यापेक्षा काचेच्या बाजूचा. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागत निधी उभा केला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, आणि परदेशी जाऊन काचकाम शिकलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टी चालवली. त्याच १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक निदर्शनं करत उभे होते, आणि त्या चळवळीमागेही टिळकच होते. एकाच वर्षी, एकाच माणसाच्या पाठबळावर मावळात काचेची भट्टी पेटते आणि पुण्यात बाटलीपुढे पहारा बसतो, याची मला गंमत वाटते. त्यात विरोधाभास काही नाही. दोन्ही स्वदेशीचीच अंगं.

पहाऱ्याचा धागा पुढे कायद्यापर्यंत गेला. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा ठरवतो. साठच्या दशकात दारूबंदी सैल झाली. दुकानं आली, परमिट रूम आल्या, पण घरच्या पिंपाला वाट मिळाली नाही. तुम्ही जर्मन माल्ट आणि निवडक यीस्ट आणा नाहीतर मोहाची फुलं आणा, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखंच. इथं 'घरची बिअर' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नदीकाठची हातभट्टी आणि छापा येतो.

पुण्यानं मात्र मधली वाट काढली. २००९ मध्ये कॉरिंथियन्स हॉटेलात डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ती काढली. नाव आपल्या देवळालीवरून, गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी मोडलेलं. बिअर तिथंच करायची आणि तिथंच प्यायची, असा नियम. २०२० च्या टाळेबंदीत गिऱ्हाईकच येईना, तेव्हा सरकारनं ती ग्राउलरमध्ये भरून घरी न्यायला परवानगी दिली. ग्राउलर म्हणजे मोठी बाटली, दोन-चार दिवसांत संपवायची. ताजी बिअर दाराबाहेर पडली, हे मला त्या वर्षातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. माझं यंत्र तेव्हा पलंगाखाली होतं.

हो, यंत्र माझ्याकडे आलं होतं. २०१९ मध्ये पुतण्यानं मोटरचं घेतलं आणि जुनं मला दिलं. सुटे भाग करून दोन बॅगांत आणलं, उरलेल्या जागेत कपड्यांऐवजी रिकामे डबे आणि झाकणं. बिअर करणार नव्हतोच. डोक्यात जांभूळ होतं. मावळात जूनमध्ये जांभळं आणि करवंदं इतकी असतात की टोपल्या रस्त्याकडेला तशाच राहतात.

जांभळाचा रस उकळीच्या जवळ नेला, डब्यांत भरला, झाकणं शिवली. शिवण अप्रतिम. सकाळी उठून पाहतो तर चोवीसच्या चोवीस डबे पोटात बुक्की बसल्यासारखे चेपलेले. कारण कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली. गरम रसावरची वाफ थंड होऊन आत पोकळी झाली आणि बाहेरच्या हवेनं डबे चिरडले. जॅमच्या जाड पत्र्याला हे चालतं, पण या ॲल्युमिनियमची भिंत जेमतेम दशांश मिलिमीटरची. तिला ताठ ठेवतो तो आतला वायू. बिअरचा डबा बिअरनंच उभा असतो. मुंबईहून निघालेली वेफर्सची पाकिटं खंडाळ्यापर्यंत टम्म फुगलेली मी जन्मभर पाहिली, आणि हवेच्या दाबाचा धडा शिकायला जांभळाचे चोवीस डबे घालवले!

दुसरी अडचण मालाची. तळोज्याला आणि वाळूजला पेयांच्या डब्यांचे मोठे कारखाने आहेत, पण हा धंदा ट्रकच्या हिशेबानं चालतो. शंभर डबे मागणारा म्हातारा कुणाला हवाय? गेल्या काही वर्षांत मात्र पुण्यातल्या कॅफेंत पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे आले, वर ॲल्युमिनियमचं झाकण. काउंटरवर तेच यंत्र, विजेवर चालणारं. पोरगा कोल्ड कॉफी ओततो, बटण दाबतो, डबा फिरतो, झाकण बसतं. बिअरच्या गॅरेजात मला भेटलेलं यंत्र पुण्यापर्यंत आलं ते बिअर बाहेर ठेवून. तिथं थांबून मी शिवण बोटानं चाचपतो. बहुतेकदा बरी असते. लोकांचा मात्र गैरसमज होतो की सील म्हणजे टिकाऊ. दुधाची कॉफी सील केली तरी दुधाची कॉफीच. उन्हातल्या गाडीत ती दुपारपर्यंत नासते.

आता मी आल्या-लिंबाचं सरबत करतो. गार करून, लहान पिंपात वायू मुरवून भरतो, फ्रीजमध्ये ठेवतो आणि आठवड्यात संपवतो. डबे ताठ राहतात. दर पावसाळ्यात रोलर गंजतात, ते घासून तेल देऊन ठेवावे लागतात. पुतण्या डिसेंबरात येतोय. त्याला आल्याचं सरबत मिळेल. बिअर हवी असेल तर त्यानं पुण्याची लोकल धरावी.